फुवांचं तोरणमाळ

चालणं या विषयावर आमच्या फुवांना जितकं ठाऊक होतं तितकं अख्ख्या खानदेशात कुणाला ठाऊक नव्हतं, आणि आमच्या फुवांइतका कमी चालणारा माणूसही अख्ख्या खानदेशात दुसरा नव्हता. या दोन्ही गोष्टी त्यांच्या त्या ऐसपैस देहात इतक्या गुण्यागोविंदाने नांदत की त्यांचं एकमेकींशी जमत नाही, हे फुवांच्या कधी ध्यानातच आलं नाही. फुवा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात आणि तिच्या नवऱ्याला फुवा. नंदुरबारजवळच्या कोरीटला त्यांची कापसाची शेती होती, दारात दोन बैलजोड्या होत्या, घरासमोर लांबरुंद ओटा होता, आणि त्या ओट्यावर बसून फुवा जगाला चालायला शिकवत.

एरवी फुवा घरात, शेतात, बाजारात आमची अहिराणीच बोलत. पण विषय चालण्याचा निघाला की एकदम पुस्तकी मराठीत शिरत. "मनुष्याने चालताना प्रथम टाच, तदनंतर चवडा," असं सुरू झालं की ऐकणाऱ्याने ओळखायचं, आता दिवेलागणीपर्यंत सुटका नाही. श्वास कुठे घ्यायचा, कुठे सोडायचा, चढावर तोंड का उघडायचं नाही, उतारावर गुडघा कसा सैल ठेवायचा, हे सगळं ते बसल्या बसल्या हातवारे करून दाखवत. त्यांच्या मते माणसाचे दोन पाय सारखे नसतात. "उजवा पाय काम करस," ते सांगत, "डावा नुसती मुकादमी करस." त्यामुळे दमल्यावर उजव्याला विश्रांती द्यावी आणि डाव्याला दोन शब्द सुनवावेत. कामावरून परतणाऱ्या एका सालदाराला त्यांनी एकदा भर रस्त्यात थांबवून त्याची चाल कशी चुकते ते इतका वेळ समजावलं, की तो बिचारा उभा राहूनच दमला आणि शेवटी खाली बसला. "दखं?" फुवा मला म्हणाले. "चाल चुकनी की मानूस असा दमस."

त्यांच्याकडे चालायचे जोडे वेगळे होते. नंदुरबारच्या मोच्याकडून मापं देऊन खास शिवून घेतलेले. ते झिजू नयेत म्हणून फुवा ते काखेत धरून चालत. काठ्याही पुष्कळ होत्या: चढाची, उताराची, चिखलाची आणि नुसत्या मानाची. नंदुरबारच्या बाजाराला जायचं असलं की फुवा पहाटे या सगळ्या सरंजामानिशी पायी निघत आणि मागून रिकामी बैलगाडी येऊ देत. "बैलेसले बी तितलाच व्यायाम," हे त्याचं कारण. वेशीबाहेरच्या पहिल्या कडुनिंबापर्यंत मोठ्या दमात चालायचं, तिथे उभं राहून मागे पाहायचं, आणि बैलांची दया येऊन गाडीत बसायचं, हा त्यांचा ठरलेला क्रम. बैलांची दया आल्यावर गाडीत बसणारा माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही. बरं, वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाची म्हैस, मुलगी, विहीर आणि गुडघेदुखी यांची चौकशी करणं हा त्यांना आपला धर्मच वाटे. त्यामुळे आम्ही पोचेपर्यंत बाजार उठायला लागलेला असे, आणि फुवा मात्र हाशहुश करत साऱ्यांना सांगत, "कोरीटथीन पायी उनू."

फुई यावर काही बोलत नसे. ती फार बोलणारी नव्हतीच. फक्त संध्याकाळी ताट वाढताना एखादी भाकरी कमी वाढायची आणि विचारायची, "बैलेसनी चालनं, तुम्हले भूक कसानी लागस?"

पण फुवांच्या साऱ्या चालण्याचं शिखर म्हणजे तोरणमाळ. तरुणपणी आपण आणि आपला जिवलग मित्र गणपत असे दोघे कोरीटहून पायी निघून तापी ओलांडून, शहाद्यावरून, सातपुडा चढून थेट तोरणमाळच्या तलावापर्यंत जाऊन आलो, ही गोष्ट मी लहानपणापासून इतक्या वेळा ऐकली होती की मधल्या कुठल्याही शब्दापासून मी ती पुढे सांगू शकलो असतो. गोष्ट दरवर्षी थोडी वाढे. मी शाळेत होतो तेव्हा वाटेत रानडुक्कर होतं. मी व्हर्नाक्युलर फायनल झालो तोवर त्याचं अस्वल झालं होतं, आणि नंदुरबारच्या शाळेत मास्तर म्हणून रुजू झालो त्या वर्षी तिथे वाघ येऊन बसला. एक गोष्ट मात्र कधीच बदलली नाही. फुवा इतरत्र कुठेही स्वतःकडे दुय्यम भूमिका घेत नसत, पण या गोष्टीत पुढे चालणारा नेहमी गणपत असे. वाट गणपतने शोधली, वाघाला गणपतने हटकलं, वरच्या आंब्याच्या झाडाखाली भाकरी सोडली ती गणपतने. फुवा आपले मागून जोडे काखेत धरून येत.

गणपतला मी पाहिलं नव्हतं. तापाच्या मोठ्या साथीत तो गेला तेव्हा त्याचा मुलगा दत्तू रांगत होता. दत्तूच्या आईच्या चार बिघ्यांची पेरणी-कापणी फुवांनी आपल्या बैलांनी करून दिली, दत्तूला शाळेत घातलं, पुढे नंदुरबारच्या एका जिनात, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या गिरणीत, कामाला लावलं, आणि हे सारं करत असताना दर दोन-चार दिवसांनी त्याला तोरणमाळची गोष्ट सांगितली. दत्तू मोठा झाला. अंगाने काटक, बोलायला थोडका, हसला तर फक्त डोळ्यांनी हसणारा. फुवांना तो काका म्हणे आणि ती गोष्ट दर वेळी पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखा ऐके.

एका हिवाळ्यात, कापसाची शेवटची वेचणी उरकली होती तेव्हा, ओट्यावर मंडळी जमली होती. मी सुटीला आलो होतो. आमच्यात पोस्टमास्तर होते. हे गृहस्थ पुण्याकडचे, बदली होऊन नंदुरबारला आलेले, दत्तूची ओळख धरून दर रविवारी कोरीटला येत आणि फुवांची व्याख्यानं ऐकून घेत. माझं ऐकून तेही त्यांना फुवाच म्हणत. गोष्टीतला वाघ नुकताच पळाला होता आणि फुवा पाणी प्यायला थांबले होते. तेवढ्यात दत्तू म्हणाला, "काका, बाबा जठे गयथात तठे माले एकदाव जावानं शे. आम्हले ली चाला."

फुवांच्या हातातला तांब्या तसाच राहिला. मग त्यांनी सांगितलं की आता थंडी फार आहे. दत्तू म्हणाला, पंधरा दिवसांत कमी होईल. फुवा म्हणाले, तोवर सरकीचे सौदे येतील. दत्तू म्हणाला, सौदे मी जिनातच करून देतो. मग फुवांनी गुडघा काढला. त्यावर पोस्टमास्तर मोठ्या उत्साहाने म्हणाले, "अहो फुवा, गुडघ्याचं काय घेऊन बसलात? टाच आणि तदनंतर चवडा!" सगळा ओटा हसला. फुवाही हसले, पण जरा उशिरा.

"तुम्ही नही दखाडशात तं कोन दखाडी?" दत्तू हळूच म्हणाला.

फुवांनी त्याच्याकडे पाहिलं. मग मानाची काठी ओट्यावर आपटून ते उभे राहिले. "चाला," ते म्हणाले. आणि एकदा चाला म्हटल्यावर त्यांच्यातला व्याख्याता जागा झाला. नियम ठरले. घराच्या उंबऱ्यापासून तलावापर्यंत पायी. गाडी नाही, घोडा नाही, डोलीसुद्धा नाही. आणि सगळ्यांनी मिळून. "एक बी मानूस मांगे ऱ्हायना, तं कोनीच पोचनं नही असं समजानं." हा शेवटचा नियम त्यांनी पोस्टमास्तरांकडे रोखून पाहत सांगितला. पोस्टमास्तरांनी स्वतःला पंच नेमून घेतलं. जायचे चौघं ठरले: फुवा, दत्तू, पोस्टमास्तर आणि मी.

बातमी गावभर झाली. फुवा तोरणमाळला जाणार, आणि पायी जाणार, हे ऐकून लोक मुद्दाम ओट्यावरून चकरा मारू लागले. कुणी म्हणे कडुनिंबापर्यंत जातील, कुणी म्हणे तापीपर्यंत. फुवांनी तयारी मात्र अशी काढली की जणू काशीला निघाले आहेत. लाडू, शेव, लोणचं, दोन घोंगड्या, गुडघ्याला बांधायला एरंडाची पानं, आणि त्या सगळ्या काठ्या. जोडे काखेतून काढून प्रथमच पायात घातले तर ते चावले. इतकी वर्षं काखेत राहिलेले जोडे एकदम पायात रुळतील तरी कसे?

निघायच्या आदल्या संध्याकाळी फुई चुलीपुढे दशम्या करत होती. मी पाटावर बसलो होतो. तिने दारातून बाहेर पाहून घेतलं आणि खालच्या आवाजात म्हणाली, "भाऊ, त्यासले जपजो. तुन्हा फुवा वर कव्हयच गयात नहीत."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. फुईने तव्यावरची दशमी उलटली आणि सगळं सांगितलं. दोघे निघाले होते हे खरं. मोठ्या गर्जना करून, गावाने ओवाळून पाठवल्यावर निघाले होते. पण सातपुड्याच्या पायथ्याशीच गणपतला हिवताप भरला. तो एक पाऊल टाकू शकेना. तेव्हा फुवांनी त्याला पाठीवर घेतलं आणि ते मागे फिरले. वाटेत कुठे गाडी मिळाली, कुठे मिळाली नाही. "दारमा उनात तव्हय पाय सुजीसन हंडा व्हयेल व्हतात," फुई म्हणाली. गणपतचं नुकतंच लग्न झालं होतं. सासरची माणसं त्याला पाहायला आली. खाटेवर बसल्या बसल्या त्याच्या तोंडून निघून गेलं, आम्ही वर जाऊन आलो. उतरताना ताप भरला.

"आणि फुवा?" मी विचारलं.

"चूप बसनात. दोस्तले खोटा कसा पाडतीन?" तिने पुढची दशमी थापायला घेतली. "गणपतभाऊ व्हता तवलोंग त्यानीच सांगी. तो गया, मंग तुन्हा फुवा सांगाले लागनात. पोऱ्या मोठा व्हवाले लागना ना."

त्या रात्रीपासून मी फुवांकडे वेगळ्या नजरेने पाहू लागलो आणि मला त्यांच्यासाठी भीतीही वाटू लागली. वर गेल्यावर दत्तू विचारणार, आंबा कुठला, भाकरी कुठे खाल्ली, वाघ कुठल्या वळणावर होता. फुवा फसले तर ते एकटे फसणार नव्हते. सोबत गणपतही फसणार होता, आणि त्याला तर आता काही सावरून घेता येत नव्हतं.

आम्ही निघालो. कडुनिंब आला तेव्हा आमच्यामागे निम्मा गाव होता. फुवा तिथे थांबले, त्यांनी सवयीने मागे पाहिलं. गाडी नव्हती. बैल नव्हते. दयेला जागाच उरली नव्हती. त्यांनी धोतराचा काचा खोवला आणि ते पुढे निघाले. मागून लोकांनी असा ओरडा केला की रानातली पाखरं उठली.

तापीपर्यंतचा प्रवास फुवांच्या गणगोताच्या आधाराने झाला. प्रत्येक गावात कुणीतरी साडू, मावसभाऊ किंवा जुनी म्हैस विकलेला माणूस निघे आणि गूळपाणी झाल्याशिवाय सोडत नसे. प्रकाशा गावापाशी नावेतून नदी पार करताना पोस्टमास्तरांनी शंका काढली की 'पायी' म्हटल्यावर नाव चालते का? फुवांनी यावर उपाय काढला. नाव चालत होती तितका वेळ ते नावेत उभं राहून जागच्या जागी पाय उचलत राहिले. नावाडी ओरडू लागला, नाव डुलू लागली, एक शेळी घाबरून पोस्टमास्तरांच्या मांडीवर चढली, पण फुवांनी पलीकडच्या काठाला लागेपर्यंत नियम मोडला नाही. पलीकडच्या गुजर पाटलाच्या घरी मुक्काम झाला. त्याने केळीच्या पानावर इतकं तूप वाढलं की सकाळी फुवा उठेचनात. उठले ते लंगडत. उजवा पाय सुजला होता. "काम करनारानंच दुखस," ते म्हणाले आणि डाव्या पायाला फैलावर घेत चालू लागले.

शहाद्याच्या पुढे सातपुडा जवळ येऊ लागला तसे फुवा कमी बोलू लागले. टाच गेली, चवडा गेला, श्वास घेण्या-सोडण्याचे नियम गेले. पायथ्याच्या एका पाड्यावर आम्ही टेकलो. तिथल्या जामसिंग नावाच्या पावरा आदिवासीने आम्हाला वर न्यायचं कबूल केलं. तो हसतमुख आणि भलताच चौकस होता. फुवांच्या सगळ्या काठ्या त्याने एकेक हातात घेऊन पाहिल्या, आणि इतक्या कशाला हे समजेना म्हणून आपल्या बायकोलाही बोलावून दाखवल्या. दोघं बराच वेळ हसली. मग त्याने मोडक्या अहिराणीत फुवांना विचारलं, दाजी, या वाटेने आधी कधी आला होतात का?

दत्तू शेजारी बसून जोड्यातला खडा काढत होता. पोस्टमास्तर ऐकत होते. फुवांनी समोरच्या ओढ्याकडे पाहिलं. ओढ्याच्या काठाला एक रुंद सपाट दगड होता. ते उठले, त्या दगडापाशी गेले, वाकून त्यांनी त्यावर तळहात टेकला. "आठेलोंग उनूथू," ते म्हणाले. इथवर आलो होतो. मग एकदम सावरून, मोठ्या आवाजात त्यांनी पुस्ती जोडली, "आनि मंग वर!" आणि हात असा वर केला की सगळा सातपुडा त्यात आला.

दत्तूने खडा फेकून दिला. तोही उठून त्या दगडापाशी गेला आणि त्यानेही त्यावर तळहात टेकला.

चढण सुरू झाली. सपाटीवरच्या माणसाला तो डोंगर म्हणजे काय ते सांगून कळायचं नाही. एक चढ संपला की वाटतं आलं, आणि त्याच्या खांद्यावरून दुसरा डोकं काढून हसत असतो. जामसिंग पुढे शेरडासारखा उड्या मारत जाई आणि परत खाली येऊन आम्ही जिवंत आहोत का ते बघे. पोस्टमास्तरांनी कोट काढला, मग टोपी काढली, मग पंचाचा आब काढून ठेवला आणि हातापायांवर चढू लागले. फुवा घामाने निथळत होते. लाडू, शेव सगळं जामसिंगकडे गेलं. काठ्या एकेक करून झाडांना टेकवून ठेवल्या गेल्या आणि शेवटी मानाची तेवढी उरली.

अर्ध्याच्या वर आल्यावर एका वळणावर फुवा बसले आणि उठेनात. चेहरा राखेसारखा झाला होता. मी घाबरलो. म्हटलं, फुवा, राहू द्या, आपण परत जाऊ. पोस्टमास्तरही म्हणाले, "पंच म्हणून सांगतो, इथवर आलात हेच पुष्कळ झालं." फुवांनी मान हलवली. तेव्हा दत्तू त्यांच्या पुढ्यात पाठ करून उकिडवा बसला.

"काका, मन्हा पाठवर बसा."

फुवांचे डोळे एकदम भरून आले, आणि ते लपवण्यासाठी ते प्रचंड रागावले. "मी काय सरकीनं पोतं शे? ऊठ! नियम काय ठरेल शे? पायी!" आणि त्या रागाच्या भरात ते स्वतःच उठले. दत्तूने मग वाद घातला नाही. तो नुसता त्यांच्या मागे झाला आणि त्यांच्या पाठीला एक हात लावून चालू लागला. ढकलत नव्हता, नुसता हात लावलेला होता. फुवांनी तो झटकला नाही. पुढच्या सगळ्या चढावर तो हात तिथेच होता.

सूर्य कलायला लागला तेव्हा डोंगर एकाएकी संपला. समोर मोकळं पठार, गार वारा, चहूकडे पिवळं गवत, आणि त्या गवतात तलाव. इतक्या उंचावर इतकं पाणी असेल असं आम्हा कुणालाच वाटलं नव्हतं. पोस्टमास्तर तर "अरे वा, अरे वा" एवढंच म्हणत राहिले. मी फुवांकडे पाहिलं. त्यांचं तोंड उघडं राहिलं होतं. लहान मूल पहिल्यांदा आगगाडी पाहतं तेव्हा जसं पाहतं, तसे ते त्या पाण्याकडे पाहत होते. त्या चेहऱ्याकडे ज्याने पाहिलं असेल त्याला फुईने काही सांगायची गरज नव्हती. मी पटकन दत्तूकडे पाहिलं. तो पाठमोरा होऊन जामसिंगशी बोलत होता.

मग ज्याची मला धास्ती होती ते झालं. पोस्टमास्तरांना आठवलं. "फुवा, तो आंबा दाखवा हो! गणपतरावांनी भाकरी सोडली तो!"

फुवा भानावर आले. त्यांनी छाती फुगवली, काठी उगारली, तलावाच्या काठाने ताठ मानेने चालत गेले आणि वाटेत लागलेल्या पहिल्या डेरेदार झाडावर काठी मारून म्हणाले, "हाऊच तो आंबा!"

पोस्टमास्तरांनी वर पाहिलं. पान तोडलं, वास घेतला. "अहो, पण हे जांभूळ आहे."

जामसिंगला 'जांभूळ' तेवढं कळलं. त्याने आनंदाने मान डोलावली. फुवांनी झाडाकडे पाहिलं, पोस्टमास्तरांकडे पाहिलं, आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "तव्हय आंबाच व्हता!"

"बराबर शे," दत्तू तितक्याच गंभीरपणे म्हणाला. "बाबा आंबाच सांगेत, असं माय म्हने." आणि त्याने जांभळाखाली घोंगडी अंथरली, शिदोरी सोडली आणि पहिली दशमी फुवांच्या हातात दिली. पोस्टमास्तर काही बोलणार होते, पण मी त्यांच्या हातात दोन लाडू ठेवले. फुवांनी दशमीचा तुकडा मोडला, तो झाडाच्या बुंध्याशी ठेवला आणि मगच खायला लागले.

दुसऱ्या दिवशी उतरताना फुवा आणि पोस्टमास्तर पुढे होते. फुवांची टाच आणि चवडा दोन्ही परत आले होते. वाघ नेमका कुठे बसला होता तेही ते दाखवत होते, आणि एकाच वाघाला त्यांनी तीन ठिकाणी बसवलं. दत्तू आणि मी मागून येत होतो. तो स्वतःशीच हसत होता.

"भाऊ," तो म्हणाला, "तो दगड दखं ना तू? ओढाकाठना?"

"पाहिला."

"बाबा तठेच पडेल व्हतात. मायनी सांगेल शे माले." तो सहज सांगत होता. "पुढे गयातच नहीत. काका पाठवर ली उनात."

मी थांबलो. "म्हणजे तुला ठाऊक होतं? मग हे सगळं कशाला? काकांना एवढं का चढवलंस?"

त्याने खाली, फुवांच्या त्या डुलत्या पाठीकडे पाहिलं. "इतला वरीस काका मन्हा बापकरता खोटं बोली ऱ्हायनात," तो म्हणाला. "मी म्हंतं, एकदाव खरं करी टाकूत. काकासना निम्मा भाग तरी." थोडं पुढे गेल्यावर तो पुन्हा म्हणाला, "काकाले सांगू नको, हां."

मी सांगितलं नाही. फुईलासुद्धा नाही. तिला मात्र बहुधा सांगायची गरज नव्हती. आम्ही कोरीटला पोचलो तेव्हा वेशीवर ढोल होता, गुलाल होता. फुवा सुजलेल्या पायांनी मधोमध चालत होते. फुईने दारात त्यांच्या पायावर पाणी घातलं आणि त्या दिवशी दोन भाकरी जास्त वाढल्या.

त्यानंतर फुवा पुष्कळ वर्षं जगले. तोरणमाळची गोष्ट त्यांनी सोडली नाही, पण तिच्यात हळूहळू खऱ्या गोष्टी शिरू लागल्या. वाघ लहान होत होत निघूनच गेला. त्याच्या जागी तलाव आला, पिवळं गवत आलं, गार वारा आला. ऐकणाऱ्यांना ती पूर्वीइतकी रंगतदार वाटत नसे. मला मात्र जास्त आवडे. पुढे माझी बदली धुळ्याकडे झाली आणि कोरीटला येणं वर्षातून एकदा-दोनदाच होऊ लागलं. प्रत्येक वेळी फुवा थोडे थकलेले दिसत. मग ते ओट्यावर यायचे थांबले. मग माणसं ओळखेनासे झाले. मला ते कधी माझे वडील समजत, कधी सरकीचा व्यापारी. दत्तू तोवर स्वतः बाप झाला होता. जिनातून सुटला की तो रोज कोरीटला येई आणि त्यांच्या खाटेशी बसे.

मी शेवटचा गेलो तेव्हा दत्तूही तिथेच होता. संध्याकाळ होती. फुई उशाशी बसून त्यांना भात भरवत होती. फुवांनी तोंडातला घास तसाच ठेवून दत्तूकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा एकदम तरुण झाला.

"गणपत," ते म्हणाले, "पोचनूत ना रे आपन?"

दत्तूने जन्मभर त्यांना काका आणि तुम्ही म्हटलं होतं. तो जरा पुढे सरकला, त्याने त्यांचा हात हातात घेतला.

"पोचनूत ना," तो म्हणाला. "तू व्हता म्हनीसन पोचनूत."

फुवांनी मान हलवली. त्यांना ते पटलं नव्हतं. "मी कसाना?" ते म्हणाले. "तूच तं पुढे चाली ऱ्हायंता."

फुईने वाटी खाली ठेवली आणि पदराने त्यांचे ओठ पुसले.